शेवटून दुसरी

मागच्या अंगणातल्या चुन्याच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे होते, गुडघ्याच्या उंचीवर, कुणी बोटं झटकल्यासारखे. शैलजाला आधी वाटलं मांजर शिरलं. तिने घाईघाईने कोंबड्या मोजल्या. सुभेदारीण, मंजुळा, दोन्ही तांबड्या, पिंगळी. पाच. सहावी, पांढरी, कपडे धुवायच्या दगडामागे कोपऱ्यात तोंड खुपसून उभी होती. शैलजाने तिला दोन्ही हातांनी उचललं तेव्हा ती फडफडलीसुद्धा नाही. तुऱ्याचा मधला दाता मुळाशी फाटून बाजूला लोंबत होता आणि तिथून रक्त डोळ्यापर्यंत ओघळून सुकलं होतं. पांढरीने मान झटकली आणि नवे चार शिंतोडे शैलजाच्या गाउनवर उडाले. म्हणजे भिंत अशी रंगली तर. तुऱ्याला जखम एवढीशी होते पण रक्त भरपूर येतं, हे शैलजाला ठाऊक होतं. तेवीस वर्षं नर्स म्हणून ती जखमाच पुसत आली होती. तिला भीती वाटली नाही, कीवही आली नाही. आपल्याला राग आलाय हे तिला थोड्या वेळाने कळलं. कुणाचा, ते कळलं नाही.

उदयसिंह ओसरीत खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. वीज कंपनीतून रिटायर झाल्यापासून कोंबड्या हाच त्यांचा दिवस होता. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, आमच्या खानदानात जनावराशिवाय घर नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि सुदामा नगरातल्या या बैठ्या घराच्या मागे घोडे ठेवता येत नाहीत म्हणून कोंबड्या ठेवत. आठवड्यापूर्वी महूच्या बाजारातून त्यांनी पांढरी आणली होती.

"अहो, पांढरीचा तुरा फाटलाय."

"हां, बघितलं मी." त्यांनी बशी खाली ठेवली. "नवीन आहे ना ती. सेट होऊन जाईल."

"सेट होईल म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं त्यांचं ठरतं, शैला. पहिले कोण खाणार, नंतर कोण. नवीन कोणी आली की पंधरा-वीस दिवस चालतं हे. आपण बीच में नाही पडायचं. आपण पडलो की अजून बिगडतं."

ते शांतपणेच बोलले होते. चोवीस वर्षांत त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नव्हता, आणि या गोष्टीचाच तिला कधी कधी संताप यायचा. माणूस ओरडला तर त्याला उत्तर तरी देता येतं. लग्न होऊन सांगलीहून इथे आली तेव्हा सासूबाई तिच्या भाजीवर, बोलण्यावर, तिच्या 'हो का' म्हणण्यावर टोमणे मारायच्या, तेव्हाही ते असेच म्हणाले होते, हळूहळू सेट होतं गं. आणि झालं होतं. सासूबाई वारल्या तोवर शैलजा त्यांच्यासारखी भाजी करायला लागली होती आणि मध्येच 'अच्छा' म्हणायला लागली होती. सेट झाली होती ती. कुठला दाता कधी गळून पडला, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तिने पांढरीला मांडीवर घेतलं, पंख काखेत दाबून धरले आणि कोमट मिठाच्या पाण्याने तुरा पुसला. फाटलेला तुकडा जागेवर बसवण्यासारखा नव्हता. तिने कापूस दाबून धरला आणि मनात आकडे मोजले. रक्त थांबल्यावर जांभळं औषध लावलं. पुरतं लावलं, नुसत्या जखमेला नाही, आख्ख्या तुऱ्याला. कोंबडीला लाल दिसलं की ती टोचतेच, आणि एकीने टोचलेलं दुसरीला दिसलं की तीही. जखम झाकायची असते ती बरी व्हावी म्हणून आणि दिसू नये म्हणूनही. जांभळ्या तुऱ्याची पांढरी ओळखू येईना. तिच्या छातीचे ठोके शैलजाच्या मनगटाला लागत होते, इतके जलद की ते मोजता येत नव्हते.

"सुभेदारीण करते हे?" तिने विचारलं. सुभेदारीण म्हणजे झाबुआची काळी कडकनाथ. दाणे टाकले की बाकीच्या तिची वाट बघत थांबायच्या.

"नाही गं." उदयसिंह हसले. त्यांचा आवडता विषय निघाला होता. "सुभेदारीण कशाला करेल? तिला काय जरूरत? ती नुसती बघते, सगळ्या सरकतात. टोचते ती पिंगळी. शेवटून दुसरी आहे ना. इतके दिवस तिच्याखाली कोणीच नव्हतं. आता पहिल्यांदा कोणी मिळालंय तिला."

शैलजाच्या हातातली औषधाची बाटली कलंडली. ओसरीच्या फरशीवर जांभळा ओघळ गेला आणि उदयसिंह अरे अरे म्हणत पाय वर घेऊन बसले. तिने फरशी पुसली नाही. पांढरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, सरळ अंगणात गेली आणि पिंगळीला धरलं. पिंगळी ओरडली, तिच्या हाताला चोच मारली. शैलजाने तिची मान दोन बोटांत पकडून तोंड वर केलं. पिंगळीच्या तुऱ्यालाही मागच्या बाजूला एक खाच होती, जुनी, भरून आलेली, कडेला पांढुरकी. ती मागच्या साली पडली होती. तेव्हा पिंगळी नवी होती आणि मंजुळा तिला दाण्यापाशी फिरकू देत नव्हती. तेव्हाही जांभळं औषध शैलजानेच लावलं होतं, याच दगडावर बसून. "तुला माहीत होतं," ती पिंगळीला म्हणाली. दात आवळून, मोठ्याने. "तुला तर माहीत होतं ना गं, भवाने." पिंगळीचा गोल डोळा एकदा मिटला आणि उघडला. त्या डोळ्यात काही नव्हतं. शैलजाने तिला मोठ्या पाटीखाली कोंडलं आणि पाटीवर वीट ठेवली.

"अगं तिला काय कोंडतेस? जिला लागलंय तिला वेगळी ठेवतात. नियम आहे."

"जिला लागलंय तिने का जायचं?"

उदयसिंह मांडीवरच्या पांढरीची पिसं सारखी करत राहिले. ते बीच में पडत नाहीत. (पुढे पाच दिवसांनी त्यांनी पिंगळीला सोडलं तेव्हा ती घाबरत घाबरत दाण्यापाशी आली आणि पांढरी जागची हलली नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खायला लागल्या. पण तोवर शैलजाचं कोंबड्यांकडे फारसं लक्ष उरलं नव्हतं.)

स्कूटरवरून पलासियाला जाताना तिला प्रत्येकाचा राग येत होता. डावीकडून घुसणाऱ्या रिक्षाचा, सिग्नलला मागून हॉर्न वाजवणाऱ्याचा, हेल्मेटच्या पट्टीचा. 'शेवटून दुसरी' हे दोन शब्द हेल्मेटच्या आत घुमत होते, आणि ते शब्द कोंबडीबद्दलचे होते, उदयसिंहांना दुसरं काही माहीत नव्हतं, हे तिला समजत असूनही ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होती. काल घरी गेल्यावर तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? काल दुपारी तिच्या सर्जिकल सेंटरच्या प्रोसीजर रूममध्ये एका माणसाच्या पाठीवरची गाठ काढायची होती. लक्ष्मीकांत सर काढत होते. पेशंट पालथा झोपला होता. ट्रे ऋजुताने धरला होता. सरांनी सरळ फोर्सेप मागितला आणि ऋजुताने वाकडा दिला. सरांनी तोच फोर्सेप उलटा धरून तिच्या बोटांवर मारला. आवाज झाला, लाकडावर चमचा आपटावा तसा. "हाथ में दिमाग नहीं है क्या?" ग्लोव्ह फाटला आणि फाटलेल्या जागेतून लाल दिसलं. ऋजुताने ट्रे सोडला नाही. तिने शैलजाकडे पाहिलं. बुऱ्हाणपूरची चोवीस वर्षांची मुलगी, भंवरकुआंला हॉस्टेलात राहते, पहिल्या दिवशी 'ताई, तुम्ही मराठी आहात? बाप रे, किती बरं वाटलं' म्हणाली होती. तिने नुसतं पाहिलं. आणि शैलजा म्हणाली, "ट्रे नीट धर ना जरा."

चार-पाच शब्द. ते तिने ठरवून म्हटले नव्हते. ते आधीपासून तोंडात तयार होते. कुठून आले तेही तिला माहीत होतं. तेवीस वर्षांपूर्वी याच माणसाने, तेव्हा त्याचे केस काळे होते, तिच्या मनगटावर कात्रीची मूठ मारली होती आणि तेव्हाच्या मोठ्या सिस्टर, द्वारकाबाई, तिच्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, ट्रे नीट धरायचा असतो. त्या दिवशी शैलजा बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती आणि तिने ठरवलं होतं, आपण कधी असं वागणार नाही. मग द्वारकाबाई रिटायर झाल्या. मधल्या वर्षांत चार-पाच मुली आल्या आणि गेल्या. एक विनीता म्हणून होती, तिच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. शैलजाने त्यांना ड्रेसिंग करून दिलं, चहा पाजला, सरांचा हात तसाच आहे, मनाचे चांगले आहेत, असं सांगितलं. आणि सरांनी तिच्यावर हात उचलणं कधीतरी थांबवलं होतं. कधी थांबलं ते तिला आठवत नव्हतं. तिच्याऐवजी मारायला दुसरं कुणी आलं तेव्हाच असणार. त्या गोष्टीचं आपल्याला बरं वाटलं होतं, हे तिला आज पलासियाच्या सिग्नलला उभं असताना पहिल्यांदा नीट आठवलं. वाईट नव्हतं वाटलं. बरं वाटलं होतं. मान मिळाल्यासारखं.

सेंटरमध्ये शिरून पहिल्या मजल्यावर येताच मॅनेजर मनीषजींनी केबिनमधून हाक मारली. मनीषजी हसतमुख. दिवाळीला सगळ्यांना स्वतः मिठाई वाटणारे.

"सिस्टरजी, बसा, बसा. छोटंसं काम आहे." त्यांना मोडकं मराठी बोलायची हौस होती. "ती ऋजुता काल बाहेर जाऊन एक्स-रे काढून आली. बोटाला क्रॅक आहे. तिच्या पप्पांचा फोन आला मला. आता कागज तो बनवावा लागेल ना."

कागद तयार होता. हिंदीत टाइप केलेला. उपकरणं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचं झाकण बंद करताना कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या चुकीने बोटाला इजा. खाली दोन सह्यांची जागा. पहिल्या जागी ऋजुताची सही होती, डाव्या हाताने केलेली, लहान मुलासारखी वाकडी. दुसरी जागा प्रत्यक्षदर्शी म्हणून शैलजाची.

"तिने केली सही?"

"केली ना. समजदार मुलगी आहे. आणि तिच्यासाठी अच्छं पण होतंय, तिला आपण रिकॉर्ड सेक्शनला टाकतोय. खालच्या मजल्यावर. ऑपरेशन थिएटरच्या झंझटीतून सुटली बेचारी."

"तिला हलवताय."

"तिच्याच भल्यासाठी."

"आणि सर?"

मनीषजी हसले, जसं मूल काही भलतंच विचारतं तेव्हा हसतात. "सर तो सर आहेत, सिस्टरजी."

शैलजाने कागद घेतला. सही केली नाही, दुपारी देते म्हणाली, आणि अशी पळवाट काढल्याबद्दल जिना चढताना स्वतःला मनातल्या मनात शिव्या दिल्या. स्वच्छ सांगलीच्या शिव्या, ज्या तिने चोवीस वर्षांत उच्चारल्या नव्हत्या. स्टाफच्या खोलीत ऋजुता लॉकर रिकामं करत होती. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली.

"तू सही का केलीस?" शैलजाचा आवाज चढलाच.

ऋजुताने मागे वळून पाहिलं नाही. "तो क्या करू? पप्पांना वापस ने म्हणू? भाऊ इथेच कोचिंग करतोय, त्याची फीस मी भरते. तुम्हाला काय मॅडम, तुमची नोकरी होऊन गेली. माझी सुरू झालीय फक्त."

मॅडम. काल सकाळपर्यंत ताई होती. शैलजाला त्या शब्दाचाही राग आला आणि आपल्याला राग यायचा हक्क नाही याचाही. मी तुझ्या बाजूची आहे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण ते खोटं होतं. काल ती बाजूलाच तर उभी होती. एका हाताच्या अंतरावर.

"काल मी जे बोलले," ती म्हणाली.

"जाऊ द्या ना." ऋजुताने लॉकरमधली पाण्याची बाटली पिशवीत टाकली. "तुमचं बोललेलंच जास्त लागलं. हाताचं काय, दवा आहे त्याला."

बाराच्या सुमाराला पायाच्या अंगठ्याचं नख काढायचा एक पेशंट होता, राजवाड्याकडचा कापडवाला, लठ्ठ, घाबरट. बोटाला भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं आणि तो जागा होता, आढ्याकडे बघत देवाचं नाव घेत होता. ऋजुता खाली गेल्यामुळे ट्रे शैलजाकडे आला. किती वर्षांनी. ट्रेचं वजन हाताला ओळखीचं वाटलं. सर खुशीत होते. त्यांनी शीळ घातली, कात्री मागितली, तिने दिली, फोर्सेप मागितला, तिने दिला. नखाखाली टोक सरकवताना ते सहज, मान खाली ठेवूनच म्हणाले, "उस लड़की को ठीक से सिखाया नहीं आपने, सिस्टर. ट्रे पकड़ना तक नहीं आता. आप ही तो कह रही थीं."

शैलजाला कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. काल जे तिच्या तोंडून निघालं होतं ते यांनी उचलून ठेवलं होतं. वापरायला. त्यांना तर मराठी येतही नव्हतं, तरी तेवढं बरोबर कळलं होतं. तिने ट्रे बाजूच्या स्टुलावर ठेवला. नीट, आवाज न करता ठेवला.

"मी खोटं बोलले काल," ती म्हणाली. हिंदी आठवेना. मराठीच बाहेर पडत होतं. "ट्रे तिने नीट धरला होता. तुम्ही मारलंत तरी सोडला नाही तिने. तुम्ही तिचं बोट मोडलंत. माझ्या मनगटावर मारलंत, विनीताचं नख घालवलंत. ह्या खोलीत परत कुणावर हात उचललात तर मी हातातलं टाकून बाहेर जाईन आणि बाहेर बाकावर जेवढे पेशंट बसलेत त्या सगळ्यांना सांगेन. समझ में आया? मारना नहीं. किसी को नहीं."

शेवटचं वाक्य ती ओरडली. कापडवाल्याचा जप थांबला. त्याने मान उचलून आधी तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग स्वतःच्या अंगठ्यात अर्धवट रुतलेल्या फोर्सेपकडे. "डॉक्टरसाब," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आप मारते हो क्या?"

सरांच्या मास्कच्या वरचा चेहरा पांढरा पडला होता आणि शैलजाच्या लक्षात आलं की हा माणूस म्हातारा झालाय, त्याच्या पापण्यांचे केस झडलेत. तेवीस वर्षं आपण याच्या हाताकडेच बघत आलो. त्याने तिच्याकडे न बघता हात पुढे केला. "गॉज." तिने गॉज दिला. पेशंटचा अंगठा उघडा पडला होता, तो तसा सोडून जाणं तिला जमलं नसतं. उरलेलं सगळं तिने दिलं, ड्रेसिंग केलं, पट्टीची गाठ मारली.

अर्ध्या तासात मनीषजी वर आले. आता ते हसत नव्हते आणि मराठीही बोलत नव्हते. आज आप घर जाइए, कल मत आइए, हम फोन करेंगे. ठीक आहे, शैलजा म्हणाली, पण आधी मी माझा कागद लिहून देईन. टाइप केलेला कागद तिने त्यांच्यासमोर चार घड्या करून पर्समध्ये टाकला. त्यांना तो परत मागायचा होता, पण हात पुढे करून पर्स ओढण्याइतके ते वाईट नव्हते. त्यांच्या सभ्यतेचा तिला पहिल्यांदाच उपयोग झाला.

तळमजल्यावर रिकॉर्ड सेक्शनच्या बाहेर एक टेबल होतं. तिथे उभ्यानेच तिने लिहिलं, हिंदीत, कारण इथे सगळं हिंदीतच वाचलं जातं. तारीख, वेळ, खोली, कोण कुठे उभं होतं. सरांनी काय मारलं, कशाने, कुठल्या बोटांवर. मग थोडं थांबून लिहिलं की मी तिथे होते आणि मी डॉक्टरांना काही न म्हणता उलट या मुलीलाच बोलले. सही केली. मान वर केली तेव्हा दारात ऋजुता उभी होती. वरची बातमी तिच्यापर्यंत आली असणार. कापडवाला लंगडत लंगडत जिन्यावरून सगळ्यांना विचारत खाली गेला होता.

"काय करून बसलात तुम्ही?" ती कुजबुजली. तिचे डोळे रागाने भरले होते. "आता मलाच विचारतील. माझी सही आहे त्यांच्याकडे."

"त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे आहे." शैलजाने पर्समधून घडी काढून तिच्यापुढे धरली. "तू काय करायचं ते तू ठरव. फाड, नाही तर परत नेऊन दे. मी काही म्हणणार नाही."

ऋजुताने घडी घेतली. फाडली नाही. उलगडलीही नाही, मुठीत धरून ठेवली. मग शैलजाचा कागद टेबलावरून ओढून वाचायला लागली. ती सावकाश वाचत होती, ओठ हलवत. शेवटच्या ओळींपाशी आल्यावर थांबली. "हे पण लिहिलंत?"

"झालं तेच लिहिलंय."

ऋजुताची नजर परत वर गेली, दुसऱ्या ओळीवर. तिथे तिने बोट ठेवलं. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

शैलजाने वाकून पाहिलं. 'दाहिने हाथ की दो उँगलियों पर मामूली चोट.' 'मामूली' हा शब्द लिहिल्याचं तिला आठवतही नव्हतं. तेवीस वर्षांच्या रजिस्टरांतून, हजारो नोंदींतून तो तिच्या हाताने आपला आपण उतरवला होता.

ऋजुताने पेन उचललं. डाव्या हातात घेतलं, जमेना, मग उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बांधलेल्या बोटांत अडकवलं. तोंड वाकडं झालं तिचं. पण तिने खोडलं. एकदा, दोनदा, तो शब्द दिसेनासा होऊन कागदाला चिरा पडेपर्यंत. पेन टेबलावर टाकलं.

"आता द्या," ती म्हणाली.

शैलजाने लगेच दिला नाही. खाडाखोड केलेल्या जागी सही लागते. तिने पेन घेतलं, त्या फाटलेल्या जागेच्या शेजारी आपली छोटी सही केली, खाली वेळ घातली आणि कागद घेऊन जिना चढायला लागली.